गैरअर्जदार मिळून आला नाही

"गैरअर्जदार क्र. १ हा नमूद पत्त्यावर मिळून आला नाही, सबब नोटीस विनाबजावणी परत सादर." ही ओळ मला तोंडपाठ झालीय. गैरअर्जदार क्र. १ म्हणजे माझा नवरा, आणि मी अर्जदार. परवा ओळखीतल्या एका पोरीचा फोन आला, तिनं पण डीव्हीची, म्हणजे घरगुती हिंसाचाराची केस टाकलीय, म्हणाली ताई तीन तारखा झाल्या अजून नोटीसच लागत नाही, वकील म्हणतात थांबा, किती थांबू. तिला सांगता सांगता तास गेला आणि तरी निम्मं राहून गेलं, म्हणून सगळं लिहून काढते, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अजून ज्या कुणी कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या असतील त्यांच्यासाठी.

मी बीड जिल्ह्यातली. तालुका, गाव, नावं लिहीत नाही, केस चालू आहे आणि पोरगी आता शाळेत जाते. २०२४ च्या पंचमीला माहेरी आले ती परत गेले नाही. काय काय झालं होतं ते सगळं इथं लिहायची माझी तयारी नाही, एवढंच सांगते की डाव्या हाताचं मनगट पाऊस आला की अजून ठणकतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एकदाच विचारलं, "जायचंय का परत?" मी नाही म्हणले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये, गौरी गणपती उरकल्यावर, संरक्षण अधिकारी मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं विचारून घटनेचा अहवाल लिहून घेतला, त्याला सगळे डीआयआर म्हणतात. वकील विधी सेवा समितीकडून मिळाल्या, फुकट. हे पुष्कळ बायांना माहीतच नसतं की बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाई आहे एवढंच पुरतं. ज्या वकील मॅडम मिळाल्या त्या वयानं माझ्याएवढ्याच, पण कामाला पक्क्या. अर्ज मी माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात टाकला, कारण या कायद्यात बाई जिथं राहायला आलीय तिथल्या कोर्टात केस चालते, सासरच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत.

अर्ज टाकला त्या दिवशी मला वाटलं झालं आता, आठवड्याभरात त्याला कोर्टात उभं करतील. मॅडमनी तिथंच बाकावर बसून समजावलं. म्हणाल्या, २००५ च्या कायद्यात लिहिलंय की अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख, नोटीस दोन दिवसांत बजवायची, फार तर कोर्ट वाढवून देईल तेवढी मुदत, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. "हे सगळं कायद्यात हाय, पण कागद त्याच्यापर्यंत पोचत नाही तोवर केस जागची हलत नाही, हे ध्यानात ठेव." मी मान हलवली पण मला खरं काही कळलं नव्हतं. मला वाटायचं नोटीस म्हणजे पोस्टमननं पत्र टाकावं तशी गोष्ट.

मला पहिल्या अर्जात सगळ्यांची नावं घालायची होती. नवरा, सासू, दीर, पुण्याची नणंद, तिचा नवरा, चुलतसासरा. राग होताच आणि सासरच्या बायकांना पण यात गैरअर्जदार करता येतं, २०१६ ला सुप्रीम कोर्टानंच तसं सांगितलंय. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "नणंदेनं तुझ्याच घरात राहून काय केलं ते सांग." मी गप्प झाले. मग त्यांनी सांगितलं की जेवढी नावं तेवढ्या नोटिसा, तेवढे पत्ते, तेवढ्या प्रती, आणि त्यातला एक जरी पुण्यात पत्ता बदलून बसला तरी सगळी केस त्याच्यासाठी खोळंबते. शेवटी तीनच नावं ठेवली, नवरा, सासू, दीर. आज मागं वळून बघते तर तो सल्ला सोन्यासारखा होता. ज्या बाया आठ आठ नावं घालतात त्यांच्या तारखा मी बघितल्यात.

आणि तरीही पहिली तारीख वाया गेली. प्रती कमी पडल्या म्हणून. तीन गैरअर्जदार, प्रत्येकाला नोटिसीबरोबर अर्जाची आणि कागदांची प्रत लागते, आम्ही दोनच संच दिले होते. नोटीस टेबलावरून उठलीच नव्हती आणि मी मात्र पोरीला आईकडं ठेवून, नवी साडी नेसून, छाती धडधडत कोर्टात बसले होते की तो आता येईल. पुकारा झाला, मी उभी राहिले, साहेबांनी फाइल बघितली, "नोटीस निघाली नाही, प्रती द्या," आणि पुढची तारीख. मिनिटभराचं काम. तवापासून मी झेरॉक्सवाल्याकडं कायम एक संच जास्तीचा काढते.

कायद्याप्रमाणं नोटीस बजवून घ्यायचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं. पण आमच्याकडच्या मॅडमकडं दुसऱ्या तालुक्याचाही चार्ज, गाडी नाही, हाताखाली माणूस नाही. त्यांनी नोटिसा सासरच्या पोलीस ठाण्याला पाठवल्या. ठाण्यातून एक हवालदार गेला की नाही देव जाणे, माझा अंदाज असा की त्यांनी गावात फोन लावला आणि गावानं जे सांगितलं ते लिहून टाकलं. त्यात दिवाळीची सुट्टी लागली, मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, सगळे पोलीस बंदोबस्ताला. रिपोर्ट आला नोव्हेंबरच्या शेवटी. त्यात लिहिलेलं, गैरअर्जदार क्र. १ ऊसतोडीसाठी कर्नाटकात गेलेला आहे, कारखान्याचं नाव माहीत नाही, परत कधी येणार माहीत नाही. सासू आणि दीर मिळून आले नाहीत.

आपल्या भागात हे उत्तर इतकं चपखल बसतं की कुणी पुढं विचारतच नाही. दिवाळी झाली की अर्धी गावं रिकामी होतात, वाड्या तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी मागं राहतात. कुठल्या फडावर कोण आहे ते मुकादमालाच माहीत. साहेबांनीही ते वाचून मान हलवली आणि जानेवारीची तारीख दिली.

पण आप्पा स्वतः चौदा वर्षं उसाला गेलेत. त्यांनी रिपोर्टची नक्कल वाचून घेतली आणि घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग जेवताना म्हणाले, "उसाला गेला म्हणतेत. कुणासंगं गेला? कोयता म्हणजे नवरा बायको दोघं. बायको तर ही इथं बसलीय. अर्ध्या कोयत्याला कोणता मुकादम एवढी उचल देतो?" दुसऱ्या आठवडी बाजारात जाऊन त्यांनी सासरच्या बाजूच्या तीन मुकादमांना गाठलं. तिघांच्याही टोळीत तो नव्हता. एकानं तर सांगितलं, त्याच्या दाजीनं त्याला औरंगाबादकडं कंपनीत लावलंय असं ऐकलंय. आता संभाजीनगर म्हणतात, पण मुकादम जे बोलला तेच लिहिते. वाळूजला का शेंद्र्याला ते त्याला सांगता आलं नाही.

या सगळ्या काळात माझ्याकडं काहीच नव्हतं. खर्चाला आप्पांच्या मजुरीतले पैसे. संरक्षणाचा आदेश नाही. वेगवेगळ्या नंबरवरून फोन यायचे, "कोर्टाचा कागद गावात आणलास तर बघ." म्हणजे कागद निघालाय हे त्याला पुरतं माहीत होतं. हे मला फार लागलं. घरात असताना पण हेच चालायचं, जेवायला येतो म्हणायचा आणि रात्री दोनला यायचा, मी ताट झाकून बसून राहायची, झोपले तर त्यावरून मार. आता कोर्टानं बोलावलं तरी मीच बसून राहायची आणि यायचं का नाही हे तोच ठरवणार. मॅडमनी पहिल्याच दिवशी अंतरिम आदेशाचा अर्ज दिला होता, कलम २३ खाली कोर्टाला शपथपत्रावर एकतर्फी आदेश करता येतो, समोरचा यायच्या आधीसुद्धा. पण साहेब म्हणाले आधी नोटीस होऊ द्या. कायद्यात असून न मिळणं काय असतं ते तेव्हा कळलं. ज्यांना जिवाची भीती आहे त्यांनी तो अर्ज देताना फोनचे नंबर, तारखा, वेळा, दवाखान्याचे कागद सगळं सोबत लावावं. आम्ही फोनचं नंतर लावलं, ते आधीच लावायला पाहिजे होतं.

अजून एक प्रकार. तारीख जवळ आली की सासरकडून कुणीतरी यायचं, बैठक बसवू म्हणून. चार मोठी माणसं, चहा, "पोरीचं तोंड बघा, मिटवून घ्या, कोर्टात काय ठेवलंय." पहिल्या खेपेला आप्पा भुलले. म्हणले बैठक होईपर्यंत नोटिसीचं थांबवू. बैठकीच्या दिवशी त्यांच्याकडून कुणीच आलं नाही. मॅडम रागावल्या, म्हणाल्या बैठकीला खुशाल जा पण इकडची प्रोसेस भरायची थांबवू नका, तारखेच्या आधी नोटीस काढलीय का नाही हे आपणच जाऊन बघायचं.

जानेवारीत रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं पाकीट परत आलं. पाकिटावर पेनानं तीन तारखा आणि प्रत्येक तारखेपुढं "घर बंद". इथं मी एक गोष्ट शिकले, पाकिटावर पोस्टमननं काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. "घेण्यास नकार" असा शेरा आला तर बजावणी झाली असंच सहसा धरतात. "घर बंद" आलं की आमच्या केसमध्ये तरी नुसतं थांबावं लागलं. आणि हे त्यांच्या घरात कुणीतरी पक्कं सांगितलेलं होतं, नाही म्हणू नका, फक्त दार उघडू नका.

मग मॅडमनी कोर्टाच्या बेलिफामार्फत बजावणीचा अर्ज दिला आणि सोबत घर दाखवायला आमच्यापैकी कुणीतरी जाईल असं लिहून दिलं. फेब्रुवारीत बेलीफ साहेब, आप्पा आणि मी, असे रिक्षानं निघालो. दादा कामावर होता, आणि आप्पांना नवीन घराकडचा रस्ता नीट माहीत नव्हता म्हणून मी. आप्पांनी आदल्या दिवशी तिथल्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ठेवला होता की उद्या बजावणीला येतोय, भांडण होऊ शकतं. ज्यांना जायचंच आहे त्यांनी हे करूनच जावं, आणि एकटीनं तर कधीच जाऊ नये. बेलीफ साहेब पन्नाशीचे, शबनम पिशवीत नोटिसा, शाईचा पॅड आणि डिंकाची बाटली. रस्त्यानं मला म्हणाले, "ताई, तुम्ही घर दाखवा आन रिक्षातच बसा. बोलायचं काम माझं."

घराला बाहेरून कुलूप होतं. अंगणात गाडी नव्हती. पण दोरीवर लुगडं वाळत होतं आणि त्याच्या काठातून अजून पाणी गळत होतं. बेलीफ साहेब ते लुगडं बघत उभे राहिले. हाक मारली, कुणी ओ देईना. आणि मग घरातून कुकरची शिट्टी झाली. एक, मग दुसरी. रिक्षात मला ती स्पष्ट ऐकू आली, तो कुकर माझ्या आईनं दिलेला आहे, त्याची शिट्टी अर्धवट होऊन अडकते आणि मग परत सुटते, दुसऱ्या कुठल्या कुकरची तशी होत नाही. मी आप्पांना सांगितलं, मागच्या बाजूला गोठ्यातून एक दार आहे, आत्या, म्हणजे सासूबाई, पुढून कुलूप लावून तिकडून आत जातात, मी नांदत असताना वसुलीवाले आले की असंच करायच्या.

बेलीफ साहेब मागं गेले तर दारात जाऊबाई. म्हणाली, घरात बाप्यामाणूस कुणी नाही, मी काय कागद घेणार नाही. हे पण जुनं शस्त्र. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, माणूस सापडला नाही तर समन्स त्याच्या घरातल्या प्रौढ पुरुषाकडं द्यायचं असं होतं, म्हणून घरोघरी बायकांना हेच शिकवून ठेवलेलं. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात तो पुरुष शब्द काढलाय, घरातली कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. आणि डीव्हीच्या नियमात तर आधीपासूनच आहे की त्या वेळेला त्या जागेवर जो कुणी जबाबदार असेल त्याच्याकडं नोटीस द्यायची, आणि देता आली नाही तर दर्शनी भागावर चिकटवायची. बेलीफ साहेबांनी हे तिला शांतपणे सांगितलं. तिनं दार लावून घेतलं.

मग चिकटवायचं ठरलं, आणि त्याला दोन पंच पाहिजेत. पंच मिळवणं हे सगळ्यात अवघड काम. पोलीस पाटील भावकीतले, ते शेताला गेले म्हणून कळलं. किराणा दुकानदार म्हणाला, मला इथंच धंदा करायचाय. पारावरची माणसं एक एक करून उठून गेली. मी त्यांना दोष देत नाही, एका गावात राहायचं असतं. शेवटी डेअरीवर दूध घालायला आलेला शेजारच्या वाडीचा एक माणूस थांबला, आणि दुसरा गावातलाच एक म्हातारा, ज्याचं या घराशी बांधावरून वाकडं होतं. दुधवाल्यानं किटली खाली ठेवली, हात धोतराला पुसले, आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत. पाच मिनिटं तरी लागली असतील. बेलीफ साहेबांनी घाई केली नाही. वाचून झाल्यावर सही केली, किटली उचलली आणि गेला, एक शब्द बोलला नाही. त्या माणसाचं मला नावही माहीत नाही, पंचनाम्यात आहे ते मी अजून वाचलं नाही.

तीन नोटिसा, तिन्ही पुढच्या दारावर, कुलपाच्या वर, शुभ लाभच्या स्टिकरशेजारी. बेलीफ साहेबांच्या मोबाईलमध्ये कोर्टाचं ॲप असतं, एनस्टेप, त्यात जागेवरचा फोटो काढला की ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जाते. तिथं लोकेशन लागेना, तर ते फोन उंच धरून अंगणात फिरत राहिले, लागलं तेव्हाच फोटो काढला. मला वाटलं कशाला एवढं करतात. त्या फोटोनं पुढं काय काम केलं ते सांगतेच.

मार्चच्या तारखेला साहेबांनी सासू आणि दीर यांची बजावणी मान्य केली. नवऱ्याची केली नाही. कारण फाइलमधल्या आधीच्या पोलीस रिपोर्टमध्ये लिहिलेलं की तो तिथं राहत नाही, बाहेरगावी आहे. मग तो जिथं राहत नाही तिथल्या दाराला चिकटवून काय उपयोग. ऐकून मला रडू आलं, तिथंच. पण खरं सांगायचं तर साहेबांचं चूक नव्हतं. उद्या तो वरच्या कोर्टात जाऊन म्हणला असता मी तिथं नव्हतोच, तर सगळं पहिल्यापासून.

मॅडमनी त्याच्या नंबरवर नोटिसीचा पीडीएफ व्हॉट्सॲपवर पण टाकला होता, निळ्या टिका आल्या, आणि मग त्यानं ब्लॉक केलं. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या प्रकरणात अशा निळ्या टिका धरल्या होत्या, ते मॅडमनी सांगितलं. साहेबांनी तो स्क्रीनशॉट फाइलला लावून घेतला पण तेवढ्यावर आदेश केला नाही. लावून घेतला हेही पुष्कळ.

नवऱ्याचा माग लागला तो वेगळ्याच ठिकाणी. माझ्या मावसभावाच्या मित्राच्या मोबाईलमध्ये नवऱ्याचा नंबर होता. २६ जानेवारीला त्यानं स्टेटस टाकलं होतं, कंपनीच्या गेटसमोर झेंडा, मागं सगळे एकसारख्या टोप्या घालून उभे, हा तिसऱ्या ओळीत. ऐन हंगामात, जेव्हा तो रिपोर्टप्रमाणं कर्नाटकात ऊस तोडत होता. गेटवरच्या पाटीवरून कंपनी कळली, वाळूज एमआयडीसीतली. मित्रानं स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, आमच्यापर्यंत यायला मार्च उजाडला.

डीव्हीच्या नियम १२ मध्ये सरळ लिहिलंय की समोरचा जिथं नोकरी करतो त्या पत्त्यावरही नोटीस बजावता येते. हे मला सहा महिने माहीत नव्हतं आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण पहिल्याच दिवशी अर्जात घरचा पत्ता, कामाचा पत्ता, राहायची खोली, मोबाईल नंबर, असतील तेवढे सगळे लिहायला पाहिजेत. ज्यांची केस अजून टाकायची आहे त्यांनी घरातून निघायच्या आधी, जमलं तर, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपचा, ओळखपत्राचा, आधारचा फोटो काढून ठेवावा. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं, मी पोरीला आणि एक पिशवी घेऊन निघाले होते.

बजावणी दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नोटीस तिकडच्या कोर्टाच्या नाझरकडं, म्हणजे बेलिफांना काम वाटून देणाऱ्या अधिकाऱ्याकडं गेली. दादा दोन दिवस रजा टाकून गेला. आधी त्यानं रांजणगाव शेणपुंजीला त्या मित्राच्या खोलीवर राहून एकच गोष्ट काढली, शिफ्ट कधी बदलते. दर आठवड्याला बदलायची. नुसता कंपनीचा पत्ता असता तर बेलीफ सकाळी गेला असता, हा रात्रपाळीला, आणि परत तेच, मिळून आला नाही.

एप्रिलमध्ये बुधवारी पहिली शिफ्ट सुटायच्या आधी ते गेटवर पोचले. ऑफिसातल्या साहेबानं सांगितलं हा आमचा कामगार नाही, कॉन्ट्रॅक्टरचा आहे. दादाला वाटलं संपलं. पण तिथले बेलीफ जुने जाणते, म्हणाले मग कॉन्ट्रॅक्टरचा माणूस बोलवा. सुपरवायझर आला, त्यानं आत फोन लावला, आणि हा बाहेर आला, टोपी हातात घेऊन. दादाला बघितलं आणि पाय थबकले. बेलिफानं नाव वाचलं. म्हणला, "सही करत नसतो, काय करायचं ते करा," आणि परत आत गेला. एवढंच. दादानं सांगताना तीनदा सांगितलं की तो भ्यालेला दिसत होता. बेलिफानं रिपोर्टमध्ये लिहिलं, समक्ष नोटीस दिली असता घेण्यास नकार, सुपरवायझरची सही घेतली, त्याच्याकडं एक प्रत दिली, आणि सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये आत आल्याची वेळ नोंदवलेली त्याचा फोटो काढला. दादानं रात्री फोन केला तेव्हा आई जेवण वाढत होती, ती तशीच खाली बसली.

मेच्या सुट्ट्या झाल्या. जूनमध्ये पुकारा तीनदा झाला, तो नाही, सासू नाही, दीर नाही, आणि साहेबांनी एकतर्फी अंतरिम आदेश केला. मला चार हजार, पोरीला अडीच हजार दर महिना, अर्ज टाकल्याच्या तारखेपासून, आणि त्यानं माझ्या माहेरी यायचं नाही, फोन करायचा नाही, कुणामार्फत त्रास द्यायचा नाही. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायद्यात आहे. आदेशाची प्रत मी दोन ठाण्यांत दिली आणि पोच घेतली. त्या दिवसानंतर फोन बंद झाले.

आणि मग, दहा महिने जो कुठंच मिळून येत नव्हता तो पुढच्या तारखेला आपल्या पायानं आला. वकील, आई, भाऊ, सगळे. अर्ज काय, तर नोटीस मिळालीच नाही, आदेश रद्द करा. साहेबांनी फाइल मागं मागं उलटत नेली. वाळूजचा रिपोर्ट वाचला, सुपरवायझरची सही दाखवली. मग दाराचा फोटो काढून सासूला विचारलं, "हे दार तुमच्याच घराचं का?" आत्यांनी चष्मा नीट केला, फोटोकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "व्हय, आमचंच." एवढं खरं त्या माझ्यासमोर पहिल्यांदा बोलल्या असतील. फोटोखाली तारीख होती, वेळ होती, शुभ लाभ होतं. साहेबांनी सांगितलं आधी थकलेल्यातले वीस हजार भरा, मग तुमचं म्हणणं ऐकतो. तेव्हापर्यंत दहा महिन्यांचे पासष्ट हजार झाले होते.

वीस हजार भरले. त्यातून पोरीची शाळेची फी गेली आणि आप्पांचं किराण्याचं उधार फिटलं. त्यानंतर एक रुपया नाही. कॉन्ट्रॅक्टरकडचं काम पण सोडलं म्हणे, आता दुसऱ्या कंपनीत आहे, त्याच भागात. म्हणजे वसुलीचा अर्ज, वसुलीचं वॉरंट, आणि वॉरंट म्हणजे परत तोच माणूस शोधायचा.

काल मी नाझरच्या टेबलाशी गेले होते. या खेपेला वकील मॅडमसोबत नव्हत्या, मी एकटी. कागदाच्या मागं मी आधीच पेन्सिलनं सगळं लिहून नेलं होतं, नव्या कंपनीचं गेट नंबर, कॉन्ट्रॅक्टरचं नाव, या आठवड्याला दुसरी शिफ्ट आणि सोमवारपासून पहिली, खोली मारुतीच्या देवळामागच्या चाळीत वरच्या मजल्यावर, गाडीचा रंग आणि नंबर, गावच्या घराचं मागचं दार गोठ्यातून. क्लार्कनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "प्रती किती आणल्या? दोन लागतील."

"तीन आणल्यात," मी म्हणले.